विद्वानांची तीन मिनिटं

मागच्या महिन्यात मला टेलिव्हिजन केंद्रावर एक वर्ग घ्यायला बोलावलं होतं. नव्या भरतीच्या मुलामुलींना रेकॉर्डिंग आणि पुनःप्रक्षेपण यांचा मेळ कसा घालायचा, हे शिकवायचं होतं. विषयाचं नाव त्यांनीच ठरवलं होतं. मी ठरवलं असतं तर 'टेप कशी हरवू नये' एवढंच ठेवलं असतं. त्यांच्या टेपांवर चित्रं असतात, आमच्या टेपांवर नुसता आवाज असायचा. काम मात्र तेच. भरायचं, तपासायचं, लेबल लावायचं, ठरल्या वेळी वाजवायचं आणि मध्ये काही बिघडलं तर चेहरा सरळ ठेवायचा. यातलं शेवटचं कौशल्य अभ्यासक्रमात नव्हतं, ते मी माझ्यातर्फे घातलं.

वर्ग संपताना एका मुलीने विचारलं, की मॅडम, तुमची सगळ्यात मोठी चूक कोणती? मी काहीतरी सोज्वळ उत्तर दिलं. खरी चूक इथे लिहून ठेवते. ज्यांच्याबद्दल ती आहे ते विद्वान आता नाहीत. तेव्हाचे साहेब निवृत्त होऊन गुलाब लावतात. आणि माझी नोकरी आता इतकी पक्की आहे की मी सोडायची म्हटली तरी तीन अर्ज करावे लागतील.

साठ-एकसष्टचा सुमार होता. चामराजपेटेत आमचं घर. मराठी घराच्या आत, कन्नड दाराच्या बाहेर, अशी आमची भाषेची विभागणी पिढ्यान्पिढ्या चालत आलेली. उंबऱ्यावर दोन्ही भाषा एकमेकींच्या पायात यायच्या. मार्केटजवळ वडिलांचं पितळी भांड्यांचं दुकान होतं. मालाची यादी करायची सवय मला तिथे लागली. शाळेत असल्यापासून मी कशाचीही यादी करायचे. आई म्हणायची, ही लग्नात सप्तपदीलाही टिक मारेल.

रेडिओ केंद्रावर मी टेप-खोलीत मदतनीस होते. तात्पुरती. दर तीन महिन्यांनी एक कागद यायचा आणि मी आणखी तीन महिने तात्पुरती व्हायचे. घरच्यांच्या मते ही नोकरी म्हणजे बसून गाणी ऐकणं. प्रत्यक्षात मी रिळं मोजायचे. टेप महाग आणि दुर्मीळ. कार्यक्रम वाजला की तो पुसून त्यावर दुसरा भरायचा. मंत्र्याच्या भाषणावर पुढच्या आठवड्यात भातावरच्या किडीची माहिती भरलेली असायची, आणि कान देऊन ऐकलं तर किडीच्या मागे मंत्री पुसटसा ऐकू यायचा. काय पुसायचं आणि काय ठेवायचं याची यादी माझ्याकडे. त्यामुळे मी तात्पुरती असले तरी बरीच मोठी माणसं मला नमस्कार करायची.

आमच्या खोलीत आणखी दोघं. एक रेकॉर्डिस्ट, पन्नाशीचे, आमच्यासारख्याच जुन्या मराठी घरातले. त्यांना सगळं केंद्र अण्णा म्हणायचं. ते मला तंगी म्हणत, म्हणजे धाकटी बहीण. रेडिओत येण्याआधी ते थिएटरात प्रोजेक्टर चालवायचे. सिनेमाचं एक रीळ संपत आलं की दुसऱ्या प्रोजेक्टरवरचं चालू करायचं, आणि पडद्यावर नायिकेची पापणीसुद्धा अडखळता कामा नये, ही विद्या त्यांच्या हातात होती. तीच त्यांनी टेपला लावली. दुसरा इंजिनिअर. पुण्याहून नुकताच आलेला, सव्वीसचा, खिशात गणिताची सरकपट्टी. आमचं मराठी ऐकून त्याचे कान दुखायचे आणि तो तसं सांगायचाही. आम्ही त्याला कॉफी कशी प्यायची ते शिकवत होतो, म्हणजे फिटंफाट.

चामराजपेटेतच, आमच्यापासून दोन गल्ल्यांवर, एक गायक राहायचे. सत्तरीचे. त्यांना सगळे नुसतं विद्वान म्हणत. मी लहानपणापासून त्यांना ताता म्हणायचे, म्हणजे आजोबा. पण हे नातं वीस वर्षं नुसतं रस्त्यावरच्या नमस्कारापुरतं होतं. त्यांची ख्याती दोन गोष्टींची. एक, श्रुती. बाहेर बँड वाजत गेला तरी त्यांचा षड्ज हलायचा नाही. दुसरी, वेळ. मांडीशी खिशातलं घड्याळ उघडं ठेवून गायचे, आणि तास म्हटला की तासाला शेवटचं मंगल म्हणून हात जोडायचे. त्या घड्याळावर त्यांचा देवाखालोखाल विश्वास होता. काहींच्या मते देवाच्या वर.

पण वय कोणाला चुकतं. आवाज उतरला होता. पूर्वी ज्या पट्टीत गायचे ती सोडून एक पट्टी खाली आले होते. सभागृहात हे कोणी बोलायचं नाही. बाहेर कॉफी पिताना सगळे बोलायचे. त्यांच्याच वयाचे दुसरे एक गायक होते, ते तर म्हणे तळहात जमिनीकडे नेऊन दाखवायचे, इतका खाली गेला. विद्वान हे सगळं जाणून होते. म्हणूनच रेडिओने कितीदा बोलावलं तरी ते रेकॉर्डिंगला उभे राहिले नाहीत. मैफलीतलं गाणं हवेत विरतं. मशीनमधलं राहतं, कोणीही पेटी काढून त्याची पट्टी मोजू शकतो. मशीन खोटं बोलत नाही, असं त्यांना कोणीतरी सांगितलं होतं. ज्याने सांगितलं त्याने आमची मशीनं पाहिली नव्हती.

त्या वर्षी रामनवमीच्या उत्सवात त्यांचं गाणं ठरलं, आणि आमच्या साहेबांनी त्यांना कसं कोण जाणे रेकॉर्डिंगला राजी केलं. विद्वानांच्या अटी साहेबांनी मला लिहून घ्यायला सांगितल्या. गाणं बरोबर एक तास. एक सेकंद कापायचं नाही. मध्ये निवेदकाने तोंड उघडायचं नाही. मी तिन्ही लिहिल्या आणि खाली रेघ मारली. साहेब बाहेरून बदली होऊन आलेले, उन्हाळ्यातही कोट घालणारे. त्यांनी कोटाचं बटण लावत सांगितलं, की हा तास सरळ पार पडला तर तुमचा कायम करण्याचा कागद मी वर पाठवतो. नाही पडला तर काय, हे त्यांनी सांगितलं नाही. बटण मात्र सोडलं.

मी अर्थात यादी केली.

बाहेरच्या रेकॉर्डिंगची माझी यादी तेव्हा केंद्रात प्रसिद्ध होती. दोन मशीनं, सहा रिळं, मायक्रोफोन, वायर, ब्लेड, टेप चिकटवायची जोडपट्टी, पिवळी मेणपेन्सिल, छत्री. एक रीळ अर्ध्या तासाहून जेमतेम जास्त चालतं, म्हणून तासाला दोन मशीनं. पहिलं संपायच्या मिनिटभर आधी दुसरं सुरू करायचं. म्हणजे मधलं एक मिनिट दोन्हींवर भरलं जातं. वाजवताना त्या मिनिटातला एखादा स्वर धरायचा आणि पहिल्यावरून दुसऱ्यावर अलगद उडी मारायची. याला चेंजओव्हर म्हणत. ऐकणाऱ्याला कळलं तर तो झालाच नाही असं समजायचं.

अण्णांनी मला निघण्याआधी एक गोष्ट बजावली होती. मांडवात मशीन कधी दिव्यांच्या लाइनवर लावायचं नाही. रंगीत बल्बांच्या माळा पेटल्या की वीज दमते, वीज दमली की आपलं ते फिरतीवरचं जुनं मशीनही दमतं. शेजारच्या शाळेतून वेगळी लाइन घ्यायची. मी ते लिहून घेतलं. यादीचं पान भरलं होतं म्हणून मागच्या बाजूला लिहिलं.

दुपारी मांडवात पोचलो. शाळेतून आलेल्या वायरीला एकच पॉइंट होता, दुसरा मांडववाल्याच्या बोर्डावर. मांडववाल्या माणसाने पहिलं मशीन आपल्या बोर्डाला लावून दिलं, मदत म्हणून. अण्णा मायक्रोफोनची उंची बघत होते, इंजिनिअर गुळाच्या पानकाचा तिसरा पेला पीत होता. मी यादी घेऊन फिरले. 'प्लग, दोन.' पाहिलं तर दोन्ही प्लग बसलेले. टिक. पान उलटायचं राहिलं. आम्ही मशीन चालवून पाहिलं, उत्तम चाललं. दुपारी माळा कुठे पेटलेल्या असतात!

संध्याकाळी माळा पेटल्या. मांडव भरला. प्रत्येकाला उत्सवातर्फे ताडपत्राचा पंखा मिळाला होता आणि प्रत्येकजण तो हलवत होता, त्यामुळे पहिली पाच मिनिटं रेकॉर्डिंगवर समुद्रकिनारा ऐकू येतो. विद्वानांनी घड्याळ उघडून मांडीशी ठेवलं, मृदंगवाल्याने थाप दिली, गाणं सुरू झालं. मी गाण्यातली नव्हे, पण अंगावर काटा आला हे लिहायला हरकत नाही. तिसाव्या मिनिटाला मुख्य रागाचा आलाप अगदी भरात असताना अण्णांनी दुसरं मशीन सुरू केलं. सगळं यादीप्रमाणे. तासाच्या काट्याला मंगल. प्रसादाची डाळीची कोसंबरी खाऊन आम्ही परत.

हेडफोनमध्ये तेव्हा काहीच कळलं नाही, आणि कळणारही नव्हतं. मशीन हळू फिरत असताना भरलं, त्याच मशीनने त्याच हळू वेगात ऐकवलं. आळशी माणसाला आपला आळस कसा दिसेल?

दुसऱ्या दिवशी, शनिवारी सकाळी, केंद्रातल्या दोन मोठ्या मशीनांवर रिळं चढवली. ही मशीनं वेगाला पक्की. संध्याकाळी साडेसातला प्रक्षेपण, म्हणून चेंजओव्हरची तालीम. अण्णांनी डोळे मिटले, पहिलं मशीन चालू, खूण केलेला स्वर आला, दुसरं चालू.

विद्वान एका क्षणात पाऊण पट्टी खाली घसरले.

जिन्यावरून पाय चुकल्यासारखं झालं. अण्णांनी डोळे उघडले. पुन्हा केलं. पुन्हा घसरले. ज्या माणसाचा षड्ज साठ वर्षांत हलला नाही, तो आलापाच्या ऐन मध्यावर पायरी चुकतो. इंजिनिअरने स्टॉपवॉच काढलं आणि तेच मधलं मिनिट दोन्ही रिळांवर मोजलं. दुसऱ्यावर साठ सेकंद. पहिल्यावर सत्तावन्न.

"पहिलं हळू भरलं गेलंय," तो म्हणाला. "नेहमीच्या वेगात वाजवलं की पट्टी चढते. कुठल्या लाइनवर होतं ते?"

मी यादी काढली. पुढची बाजू पाहिली. मग उलटली.

इंजिनिअरने माझ्या खांद्यावरून वाचलं. "तुमच्या यादीत मेंदू हाही एक आयटम घालत चला," तो म्हणाला. "पुढच्या बाजूला."

अण्णांनी त्याला गप्प केलं. मी मात्र मनातल्या मनात हिशोब मांडला होता. निवेदकाला मध्ये घातलं असतं तर त्याच्या चार वाक्यांत ऐकणारा आधीची पट्टी विसरला असता. पण निवेदकाने तोंड उघडायचं नाही, ही अट. आलापाचा तेवढा भाग कापता आला असता, पण कापायचं नाही, ही अट. कार्यक्रम रद्द केला तर साहेब कारण विचारणार, आणि कारण माझ्या हातात होतं, मागच्या बाजूला. आणि जसं आहे तसं वाजवलं तर त्या दुसऱ्या गवयाला तळहात जमिनीकडे न्यायचीही गरज उरली नसती. रेडिओनेच नेला असता.

"पहिलं हळू वाजवता येईल?" मी विचारलं.

इंजिनिअर म्हणाला, की नाही. टेप ओढते ती एक पोलादी खुंटी, तिच्या जाडीवर वेग. ती तासून बारीक करायची तर मशीनच जाईल. मग त्याने सरकपट्टी काढून काहीतरी सरकवलं. तासता येत नाही, पण जाड करता येईल. खुंटीला जोडपट्टीचे वेढे द्यायचे. जाडी वाढली की टेप जोरात ओढली जाईल, पट्टी चढेल. म्हणजे पहिलं खाली आणायचं नाही, दुसरं वर न्यायचं.

"म्हणजे सगळं गाणंच पाऊण पट्टी वर?" अण्णा म्हणाले.

"सगळंच. पण एकसारखं."

अण्णांनी स्वल्प विचार केला, सरी, म्हणजे ठीक, म्हणाले आणि ब्लेड काढलं. जोडपट्टीचं टोक तिरकं कापलं. सरळ कापलं तर दर फेरीला ठेच लागते आणि गायक उचकी लागल्यासारखा गातो. एक वेढा, कमी. दोन, तरीही कमी. तीन वेढ्यांना त्यांनी डोळे मिटले, चेंजओव्हर केला, आणि मला कळलंच नाही की उडी कधी झाली. ते म्हणाले, "तंगी, आता स्टॉपवॉच घे आणि पूर्ण मोज." मोजलं. तासाचं गाणं सत्तावन्न मिनिटांत संपलं.

उरलेल्या तीन मिनिटांसाठी मी वीणेचं एक रीळ काढलं आणि कार्यक्रमपत्रकावर जोडलं. साहेबांनी विचारलं, तीन मिनिटं वीणा कशाला? मी सांगितलं, विद्वानांनी जरा लवकर आटोपलं. साहेबांनी मान हलवली. खोटं बोलणं इतकं सोपं असेल अशी माझी कल्पना नव्हती. एका वाक्यात काम झालं, टिकसुद्धा करावी लागली नाही.

शनिवारी संध्याकाळी आमच्या घरी रेडिओसमोर अर्धी गल्ली बसली होती. मी केंद्रात होते, अण्णांच्या शेजारी. उडी झाली. कोणालाच कळली नाही. रविवारी मी घरी आले तर मार्केटच्या रस्त्यावर लोक एकच बोलत होते, की विद्वानांचा आवाज परत आला. वीस वर्षांपूर्वीची पट्टी! आमच्या वडिलांनी दुकानात गिऱ्हाइकाला कळशी दाखवता दाखवता हेच ऐकवलं. आईच्या मते हा रामाचा प्रसाद होता. मी म्हटलं, असेल.

सोमवारी सकाळी विद्वान केंद्रात आले. टांग्यातून उतरले ते थेट साहेबांच्या खोलीत. पाच मिनिटांनी मला बोलावणं आलं.

विद्वान खुर्चीत ताठ बसलेले, घड्याळ टेबलावर उघडं. साहेबांचा कोट पूर्ण बंद. साहेबांनी सांगितलं ते असं. विद्वान बरोबर एक तास गायले, त्यांचं घड्याळ साक्षी आहे. रेडिओवर त्यांनी तेच घड्याळ लावून ऐकलं तेव्हा सत्तावन्न मिनिटं. मग तीन मिनिटं कोणी कापली? आणि मी तर म्हणाले होते की त्यांनीच लवकर आटोपलं. साहेबांनी हे कन्नडमध्ये, इंग्रजीत आणि शेवटी नुसत्या भुवईने विचारलं.

माझ्यासमोर दोनच वाटा होत्या. कापलं म्हणावं, तर ते खरं नाही, आणि म्हाताऱ्याला दिलेला शब्द मोडल्याचं पाप फुकट माथी. नाही कापलं म्हणावं, तर तीन मिनिटं कुठे गेली ते सांगावं लागणार. ते सांगितलं की प्लग बाहेर येणार, आणि प्लगमागून माझा कागद.

मी म्हटलं, ताता, तुम्ही स्वतः चला आणि टेप पाहा. कापलेली टेप लपत नाही, जोड दिसतो. नखाला लागतो.

ताता ऐकून ते माझ्याकडे वळले. बहुधा तोपर्यंत त्यांनी मला ओळखलं नव्हतं. साहेबही उठायला लागले, पण टेप-खोली वरच्या मजल्यावर, जिना उभा, आणि त्यांची कॉफी नुकतीच आली होती. ते म्हणाले, तुम्ही होऊन या.

वर अण्णा होते. इंजिनिअर मला पाहून काही बोलणार होता, माझ्यामागे विद्वान पाहून त्याने तोंड मिटलं. मी दार लावलं आणि सगळं सांगितलं. प्लग, माळा, मागची बाजू, वेढे. भरभर, क्रमाने, मुद्देसूद. घाबरले की मी अशीच बोलते.  शेवटी मी दुसरं रीळ मशीनवर चढवलं आणि खुंटीवरचे तीन वेढे त्यांच्यासमोर नखाने सोडवून काढले.

"हे जसं गायलात तसं," मी म्हटलं आणि चालू केलं.

त्यांनी ऐकलं. बोट गुडघ्यावर हलत होतं. मिनिटभराने त्यांनी हात वर केला, मी थांबवलं.

"हा मी," ते म्हणाले.

मग अण्णांनी नव्या जोडपट्टीचं टोक तिरकं कापून तीन वेढे परत दिले. मी पुन्हा चालू केलं. तोच आलाप, पाऊण पट्टी वर, जरासा लगबगीचा.

"आणि हा कोण?"

"हेही तुम्हीच," मी म्हटलं. "फक्त थोडी घाई आहे."

अण्णा खोकले. मला वाटलं झालं, आता टांगा, साहेब, कागद, सगळं एका ओळीत. पण विद्वानांच्या मिशीच्या टोकाला काहीतरी हललं.

"मला शनिवारीच कळलं होतं," ते म्हणाले. "शिष्य म्हणाले, गुरूंचा आवाज परत आला. मीही म्हटलं, असेल, रामाची कृपा. मग मृदंग ऐकला. तोही वर गेलेला. माझा गळा एकवेळ सुधारेल, पण कातड्याला कुठली कृपा?"

म्हणजे तीन मिनिटं हे निमित्त होतं. त्यांना हेच विचारायचं होतं, आणि साहेबांसमोर ते विचारता येत नव्हतं.

मी विचारलं, की आता काय करू? खरं रीळ पुन्हा वाजवायचं असेल तर दुसऱ्या भागाचं खरं आहे, पहिल्याचं काही करता येणार नाही. इंजिनिअरने तेवढ्यात सरकपट्टी काढली होती, त्याला गप्प राहणं जमत नसे. विद्वानांनी त्याच्याकडे पाहिलंही नाही.

"त्या दुसऱ्याने काल निरोप पाठवला," ते म्हणाले. त्या दुसऱ्या गवयाचं नाव घ्यायची गरज नव्हती. "म्हणाला, काय खातोस ते सांग. तीस वर्षांत पहिल्यांदा त्याने माझी तारीफ केली." मग म्हणाले, "वेढे राहू दे."

मग ते उठले आणि जिना उतरले. मी मागे. साहेबांची कॉफी संपली होती. साहेबांनी विचारलं, की जोड सापडला का?

"पोरीने काही कापलं नाही," विद्वान म्हणाले. त्यांनी टेबलावरचं घड्याळ उचललं, कानाला लावलं, हलवलं, पुन्हा कानाला लावलं. "हे मागे पडायला लागलंय. म्हातारं झालं."

ज्या घड्याळावर त्यांनी साठ वर्षं मैफिली मोजल्या, त्याला त्यांनी साहेबांच्या समोर, माझ्या समोर आणि कॉफीचा पेला न्यायला आलेल्या शिपायाच्या समोर खोटं पाडलं. संध्याकाळपर्यंत ही बातमी चामराजपेटेत पोचली, कारण शिपाईही तिथलाच. पुढे कित्येक दिवस लोक विद्वानांना घड्याळजीचा पत्ता सुचवायचे. ते ऐकून घ्यायचे.

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी लवकर आटोपलं म्हणाले होते ते त्यांच्या लक्षात होतं की नाही, मला आजही माहीत नाही. त्यांना एवढंच दिसलं की विद्वान रागावून आले आणि निवळून गेले. त्यांनी कोटाचं एक बटण सोडलं. दीड महिन्याने कागद आला. त्यात माझ्या कामाचं वर्णन 'काटेकोर' असं केलं होतं. इंजिनिअरने तो शब्द मोठ्याने वाचला, दोनदा.

पुढच्या वर्षी रामनवमीच्या आधी विद्वानांच्या अटी आल्या. तास, कापायचं नाही, निवेदक नको. चौथी अट नवी होती, टेप-खोलीत तीच मुलगी हवी. साहेबांना वाटलं माझ्या कामावर खूश आहेत. तेही खोटं नव्हतं.

मी यादी नव्याने लिहिली. 'दोन्ही मशीनं शाळेच्या लाइनवर,' हे पहिल्याच ओळीत, लाल पेन्सिलने. मी स्वतः वायर हातात धरून शाळेच्या भिंतीपर्यंत चालत गेले. मांडववाल्या माणसाने मदत करू का विचारलं, त्याला मी एक पंखा दिला आणि लांब बसवलं. त्या वर्षी दोन्ही रिळं अचूक वेगात भरली गेली. सत्याला धरून, तंतोतंत, एक पट्टी खाली.

मग शनिवारी अण्णांनी ब्लेड काढलं आणि दोन्ही मशीनांच्या खुंटीला तीन-तीन वेढे दिले. मी वीणेचं रीळ काढून ठेवलं. हे कुठल्या कागदावर नव्हतं. यादीच्या मागच्या बाजूला फक्त 'तीन' एवढंच लिहिलेलं असायचं.

असं चार वर्षं चाललं. दर रामनवमीनंतरच्या शनिवारी विद्वानांचा तास सत्तावन्न मिनिटांचा व्हायचा आणि शेवटी वीणा वाजायची. लोकांना वाटायचं विद्वानांना वीणा फार आवडते. एका वर्षी साहेबांनी त्यांना तसं विचारलंही. हो, म्हणाले.

शेवटच्या वर्षी मी त्यांच्या घरी अटी लिहून घ्यायला गेले. आवाज आणखी उतरला होता, बोलतानाही जाणवायचा. त्यांनी शिष्याला कॉफी आणायला आत पाठवलं आणि मला हळूच विचारलं, की यंदा चार होतील का?

मी अण्णांना विचारून येते म्हटलं, पण उत्तर मला माहीत होतं. आम्ही एकदा गंमत म्हणून चार देऊन पाहिले होते.

"चौथ्याला मृदंग डमरूसारखा वाजतो, ताता."

त्यांनी घड्याळाला चावी दिली. सावकाश, शेवटपर्यंत.

"मग तीनच," ते म्हणाले.

मी लिहून घेतलं. मागच्या बाजूला.